आधी निष्कर्ष, मग चाचणी

परिकल्पना चाचणी, म्हणजे एखादा दावा आकड्यांवर तपासण्याची रीत, शिकायला बसणाऱ्या कोल्हापूरकराने एवढे पक्के ध्यानात ठेवावे की, हे शास्त्र शंका घेण्यासाठी नसून, घरात आधीच ठरलेल्या मतावर आकड्यांचा शिक्का उमटवण्यासाठी आहे. समजा, साखर मिसळलेला गूळ जिभेवर ठेवताच कळतो, असा तुमच्या मामांचा दावा आहे. कपात आधी दूध ओतले की चहा, हे चवीवरून ओळखू पाहणाऱ्या बाईंसाठी संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांनी 1935 साली जी परीक्षा मांडली, तीच इथे चालते: चार खडे अस्सल, चार भेसळीचे, क्रम चिठ्ठ्या टाकून ठरवायचा आणि मामांनी अस्सल चार वेगळे काढायचे. शून्य परिकल्पना, म्हणजे खोडून काढण्यासाठी आधी धरलेले गृहीतक, अशी की, मामांना काहीही ओळखता येत नाही. (हे वाक्य मामांसमोर मोठ्याने वाचू नये.) नुसत्या अंदाजाने चारही बरोबर येण्याची शक्यता 70 पैकी 1, म्हणजे सुमारे 0.014; ती 0.05 या रूढ मर्यादेच्या खाली असल्याने मामा जिंकले.

मामांनी तीनच ओळखले, तर मात्र खरे कौशल्य लागते, कारण अंदाजाने तीन किंवा चार बरोबर येण्याची शक्यता 70 पैकी 17, म्हणजे 0.24 भरते. अशा वेळी सार्थकता पातळी, म्हणजे ती 0.05 ची मर्यादा, निकाल पाहून ठरवावी, 0.25 हा आकडाही दिसायला वाईट नाही. नाहीतर तंबाखूला दोष देऊन परीक्षा पुन्हा घ्यावी आणि पहिली वही रद्दीत घालावी. त्याहून उत्तम म्हणजे तालमीतले 50 जण बोलवावेत. सगळ्यांनी डोळे मिटून बोट ठेवले, तरी निदान एकाचे चारही खडे बरोबर निघण्याची शक्यता निम्म्याहून किंचित अधिक असते. त्या एकाचा फ्लेक्स लावावा. उरलेल्या पैलवानांचा उल्लेख अहवालात नसला, तरी कोणी विचारत नाही.

0.014 चा अर्थ ‘मामांचा दावा खोटा असण्याची शक्यता 1.4 टक्के’ असाच सांगावा. ओळखता येत नाही असे धरून चालल्यास इतका चांगला निकाल किती वेळा येईल, एवढेच ते मूल्य सांगते, हे खरे. पण तेवढे ऐकून घेईपर्यंत रस्सा निवतो.

शेजारचे काकाही असाच दावा करू लागले, तर त्यांच्यापुढे दोन अस्सल आणि दोन भेसळीचे, असे चारच खडे ठेवावेत. त्यांनी सगळे बरोबर ओळखले, तरी अंदाजाने तसे होण्याची शक्यता 6 पैकी 1 असल्याने 0.05 ची पातळी त्यांना कधीच गाठता येणार नाही, आणि त्यांना गुळातले काही कळत नसल्याचे सिद्ध झाले, असे तुम्हाला गंभीर चेहऱ्याने जाहीर करता येईल.