आधी विमान ठरवा, किट नंतर

विमानाचं मॉडेल दुकानात उभं राहून निवडू नये. घरी बसून विमान ठरवावं आणि मग त्याचं किट, म्हणजे जोडायच्या सुट्या भागांचं खोकं, शोधत फिरावं. पंधरा-सोळा वर्षं हा छंद केल्यावर माझं हे मत झालंय, आणि ते पक्कं आहे.

निमित्त भाच्याचं. गेल्या रविवारी त्याने व्हॉट्सॲपवर तीन खोक्यांचे फोटो पाठवले. स्पिटफायर, मेसरश्मिट १०९ आणि मस्टँग, तिन्ही दुसऱ्या महायुद्धातली लढाऊ विमानं. खाली लिहिलेलं, "मामा, यातलं कुठलं घेऊ? लवकर सांग, दुकानातच आहे." मी म्हटलं, आज काहीच घेऊ नकोस, सरळ घरी ये. बिचारा हिरमुसला. पण आला.

त्याला मी आधी कपाटातलं एक अर्धवट विमान काढून दाखवलं. नॅट, आपल्या हवाई दलाचं छोटं लढाऊ जेट. मी सुरुवातीला केलेली चूक अजून जपून ठेवली आहे. १४ डिसेंबर १९७१ ला श्रीनगरवर चालून आलेल्या पाकिस्तानी सेबर विमानांशी लढताना फ्लाइंग ऑफिसर निर्मलजितसिंग सेखों यांना वीरमरण आलं. हवाई दलाला मिळालेलं एकमेव परमवीरचक्र त्यांचं. मला त्यांचंच विमान करायचं होतं. दुकानात खोक्यावर "नॅट" वाचलं आणि उचललं. घरी येऊन उघडतो तर आत दोन आसनांचं विमान! ते ब्रिटिश हवाई दलाचं प्रशिक्षणाचं नॅट, त्यांच्या लाल रंगाच्या कसरती पथकाने प्रसिद्ध केलेलं. सेखोंचं नॅट एकाच आसनाचं, त्याहून आखूड आणि पंखांनाही लहान. आपल्या हवाई दलाने ते दोन आसनी नॅट कधी वापरलंच नाही. मी हट्टाने कॉकपिट कापलं, पुट्टी भरली, पॉलिश पेपरने घासघास घासलं. दोन महिने गेले. पण विमानाची सगळी ठेवणच वेगळी असेल तर पुट्टी भरून काय होणार? ज्या माणसाच्या आठवणीसाठी ते करत होतो त्याचं ते विमानच नव्हतं, हे मनातून जाईना. शेवटी थांबलो.

म्हणून सांगतो, "कुठल्या कंपनीचं किट चांगलं, कुणाचे भाग नीट बसतात" हा दुसरा प्रश्न. पहिला प्रश्न असा की नेमकं कुठलं विमान, कुठल्या वर्षीचं, कुठून उडालेलं.

स्पिटफायरचंच बघा. "स्पिटफायर" म्हणजे एक विमान नव्हे, तिच्या बऱ्याच आवृत्त्या निघाल्या, त्यांना "मार्क" म्हणतात. १९४० साली ब्रिटनवर झालेल्या हवाई लढाईतली मार्क १ आणि १९४४-४५ मध्ये ब्रह्मदेशाच्या आघाडीवर आपल्या ८ नंबरच्या स्क्वाड्रनने उडवलेली मार्क ८ यांच्यात केवढा फरक आहे. मार्क ८ ला चार पात्यांचा पंखा, दोन्ही पंखांखाली सारखेच रेडिएटर आणि आत ओढलं जाणारं शेपटीचं चाक. त्या आघाडीवरच्या विमानांच्या गोल खुणेत (कुणाचं विमान ते दाखवणारी खूण) लाल रंग ठेवलेलाच नव्हता, गडद आणि फिकट निळा एवढंच. कारण जपानी विमानांवर लाल गोळा असायचा, आणि घाईच्या क्षणी आपल्याच तोफचीने आपलं विमान पाडायला तेवढा लाल ठिपका पुरला असता. भाच्याने हे ऐकलं आणि म्हणाला, "मग मी बघितलेल्या खोक्यात यातलं काहीच नव्हतं." नव्हतंच. त्यात १९४० ची स्पिटफायर होती. ते विमान वाईट नाही, पण त्याची मॉडेलं जगभरच्या कपाटांत आहेत. आपली विमानं आपण नाही केली तर दुसरं कोण करणार?

मी त्याला सुचवलं ते सी हॉक, नौदलाचं जुनं लढाऊ जेट. जुन्या विक्रांतवरचं, म्हणजे आपल्या पहिल्या विमानवाहू जहाजावरचं सी हॉक.

यात माझा स्वार्थ आहे, तो लपवत नाही. विक्रांत मुंबईत कफ परेडला संग्रहालय म्हणून उभी होती तेव्हा बाबांना घेऊन गेलो होतो. १९७१ साली बाबा विशीत होते. काचांना लावलेले काळे कागद, रात्रीचा ब्लॅकआउट, रेडिओला चिकटून बसलेली चाळ, हे सगळं त्यांनी आम्हाला शंभरदा सांगितलेलं. पण डेकवर पोचल्यावर ते काहीच बोलले नाहीत. चप्पल काढून थोडा वेळ अनवाणी उभे राहिले. ऊन होतं, लोखंड तापलेलं होतं, तरी उभे राहिले. पुढे २०१२ मध्ये संग्रहालय बंद झालं आणि २०१४ मध्ये दारुखान्यात जहाज तोडायला घेतलं. तिच्या पोलादाचा काही भाग मोटारसायकलच्या टाकीत गेला. मला आजही ते पचलेलं नाही. एवढ्या मोठ्या शहराला एक जहाज सांभाळता आलं नाही.

आणि जहाज काय साधं होतं? १९७१ च्या युद्धात ती उतरली तेव्हा तिच्या एका बॉयलरला तडे होते. वेग कमी करून चालवावं लागत होतं, आणि विमानवाहू जहाजाचा वेग कमी म्हणजे डेकवरून उडणाऱ्या विमानाला समोरून मिळणारा वारा कमी. त्या स्थितीत ४ डिसेंबरला ३०० नंबरच्या स्क्वाड्रनची, म्हणजे व्हाइट टायगर्सची, सी हॉक विमानं उडाली आणि त्यांनी तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानातल्या कॉक्स बझारवर हल्ला केला. मग चितगाव. स्क्वाड्रनचे प्रमुख लेफ्टनंट कमांडर संतोषकुमार गुप्ता यांना महावीरचक्र मिळालं.

आता विमान म्हणून सी हॉक किती देखणं आहे ते सांगतो. इंजिन पायलटच्या मागे, पण जेटचा गरम झोत शेपटीतून बाहेर पडत नाही. नळी मध्येच दुभागते आणि दोन्ही पंखांच्या मुळाशी मागच्या बाजूला एकेक तोंड उघडतं. त्यामुळे मागचं सगळं पोट इंधनाला मोकळं. गोव्यात बोगमाळोच्या नौदल विमान संग्रहालयात मी या तोंडापाशी वाकून बघत बराच वेळ उभा होतो. पंखाची जाड मुळं, आत जाणारा तो काळा गोल आणि कडेचे रिवेट. पत्नी आणि मुलगी केव्हाच पुढे निघून गेल्या होत्या. फोटोत ही जागा कधीच नीट दिसत नाही, आणि मॉडेलमध्ये नेमकी तिथेच सांध्याची रेघ येते. ती भरून घासून गुळगुळीत केली नाही तर सगळं विमान खोटं वाटतं.

निवडताना खरी गोम शेपटीत आहे. आपल्या नौदलाने सुरुवातीला ब्रिटनकडून सी हॉक घेतली, पुढे साठच्या दशकात पश्चिम जर्मनीच्या नौदलाची वापरलेलीही घेतली. जर्मन सी हॉकचा शेपटीवरचा उभा पंख जास्त उंच. किटही वेगवेगळी निघतात: ब्रिटिश एफजीए ६ वेगळं, जर्मन मार्क १०० आणि १०१ वेगळं. म्हणून आधी शेपटीवरचा नंबर ठरवा, त्या नंबरच्या विमानाचा फोटो शोधा, आणि त्याची शेपटी बघून मगच खोकं निवडा. फोटो सापडला नाही तर दुसरा नंबर घ्या. अंदाजाने करू नका.

स्केलबद्दल फार सांगत नाही. एकास बहात्तर म्हणजे एक इंच म्हणजे सहा फूट, सहा फुटी माणूस एक इंचाचा. सी हॉक त्यात सतरा सेंटीमीटरच्या आसपास येतं, वीतभरही नाही. एकास अठ्ठेचाळीसमध्ये पंचवीस सेंटीमीटर. मुंबईच्या घरात राहून पाच-सहा विमानं करायची असतील तर बहात्तरच घ्या. डोळे साथ देत नसतील तर अठ्ठेचाळीस. (विक्रांत स्वतः बहात्तरमध्ये केली तर जवळजवळ तीन मीटर होईल. मी भिंत मोजून पाहिली आहे.) पंख दुमडून दाखवायची सोय किटमध्ये असेल तर तेच घ्यावं असं माझं मत. दुमडलेल्या पंखांचं सी हॉक बघितलं की हे जहाजावरचं विमान आहे हे सांगावं लागत नाही.

नाकाखाली चाक असलेल्या विमानाचं मॉडेल मागे कलून शेपटीवर बसतं, म्हणून धडाचे दोन्ही अर्धे चिकटवायच्या आधी नाकात वजन भरायचंच. मी मासेमारीच्या गळाला लावतात त्या शिशाच्या गोळ्या वापरतो. हातोडीने चपट्या करून, गोंदात बुडवून ठासायच्या. आणि शिसं हाताळल्यावर हात साबणाने धुवायचे, हे मुलांना आवर्जून सांगा.

रंग वरून गडद करडा आणि खालून फिकट हिरवट, ज्याला "स्काय" म्हणतात तो. भारतीय खुणांचे डिकल, म्हणजे चिकटवायची छापील चित्रं, बहुतेकदा खोक्यात नसतात, ते वेगळे मागवावे लागतात. गोल खुणेत केशरी बाहेर आणि हिरवा मध्ये, उलटं लावलेलं मी पाहिलंय. आणि वॉर्निश पावसाळ्यात मारू नका. जुलैच्या दमट हवेत त्यावर पांढुरकी साय धरते, महिनाभराचं काम जातं. दिवाळीनंतरची कोरडी हवा येईपर्यंत थांबा.

काही जण म्हणतील, पोराला जे मिळतंय ते करू दे, एवढं शोधत बसायला लावलं तर छंदच सुटेल. मला उलट वाटतं. रविवारी संध्याकाळी भाचा तीन तास माझ्याकडे बसून जुने फोटो मोठे करून शेपट्या बघत होता. जेवायला हाक मारली तर "मामा, थांब, ह्याची उंच आहे बघ" म्हणाला. तीन खोक्यांचं नाव त्याने पुन्हा काढलं नाही.

नंबर अजून ठरलेला नाही. त्याने दोन निवडलेत, एका विमानाचा डावीकडचा फोटो आहे, दुसऱ्याचा फक्त समोरचा. दिवाळीच्या सुट्टीत आम्ही दोघं बोगमाळोला जाणार आहोत. त्याने आत्ताच एका वहीत लिहून ठेवलंय, तिथे कशाकशाचे फोटो काढायचे ते. पहिल्या ओळीत लिहिलंय, "जेटचं तोंड, वाकून."