आत्या म्हणते, ब्रेड आपला नव्हे

डिसेंबरभर घरी होते. उरलेल्या रजा ३१ तारखेला लॅप्स झाल्या असत्या आणि गर्दीत कुठे फिरायला जायची अजिबात इच्छा नव्हती, म्हणलं महिनाभर घरात बसून वाचू आणि लॉकडाऊननंतर माळ्यावर धूळ खात पडलेला ओटीजी, म्हणजे विजेची छोटी भट्टी, खाली काढू. नाशिकची थंडी, गॅलरीत दुपारचं ऊन, हातात पुस्तक आणि आत पीठ फुगतंय, यापेक्षा जास्त मागणं नाही आपलं.

तर जरा बरा ब्रेड झाला तसा त्याचा फोटो फॅमिली ग्रुपवर टाकला. सगळ्यांचे अंगठे आले आणि मग आत्याचा मेसेज, "छान झालाय गं. पण काही म्हण, हे आपलं नव्हे. आपल्यात कुठे होतं असलं भट्टीत भाजायचं." खाली दोन नमस्कार. आत्याशी वाद घालायची पद्धत आमच्याकडे नाही, त्यामुळे मीही एक नमस्कार टाकून गप्प बसले, पण ते डोक्यात राहिलं ते राहिलंच आणि महिनाभर जे काही वाचलं ते त्याच चष्म्यातून वाचलं गेलं. आत्या फेसबुकवर नाही म्हणून इथे मोकळेपणाने लिहिते.

पहिलं म्हणजे, भाजणं आपल्यात नव्हतं हे साफ खोटं. कोकणातलं धोंडस किंवा तवसळी घ्या, काकडीचा केकच तो. सीकेपींचं निनावं घ्या, पाठारे प्रभूंचं भानोलं घ्या. पातेलं निखाऱ्यावर, वर घट्ट झाकण आणि झाकणावरही निखारे, म्हणजे ओटीजीचे दोन रॉड वर आणि खाली जे करतात तेच की. विदर्भात गोवऱ्यांच्या आरात रोडगे भाजतात, पळसाच्या पानात पानगे भाजतात. खानदेशात बट्टी. तेल नाही, तवा नाही, चारी बाजूंनी धग. याला भाजणं नाही म्हणायचं तर कशाला म्हणायचं?

धोंडस मी ओटीजीत केलं. तवसं, म्हणजे ती कोकणातली मोठी काकडी, मिळालं नाही म्हणून साध्या मोठ्या काकड्या घेतल्या. किसायच्या, आणि पाणी पिळून टाकायचं नाही, त्या पाण्यातच रवा शिजतो. तांदळाचा रवा तुपावर चांगला वास सुटेपर्यंत परतून घेतला, काकडी आणि गूळ एकत्र उकळला, गूळ विरघळला की त्यात रवा, ओलं खोबरं, वेलची, काजूचे तुकडे, मीठ चिमूटभर. झाकून एक दणदणीत वाफ. मग तूप लावलेल्या डब्यात थापायचं, खाली हळदीचं पान असेल तर उत्तमच, आणि १८० डिग्रीला साधारण पाऊण तास. अर्ध्या तासाने जो वास सुटतो ना, गूळ करपायच्या बेतात आहे पण करपत नाहीये असा, तो जिन्यात गेला आणि शेजारच्या काकू "काय चाललंय" म्हणून आल्याच. कडा डब्यापासून सुटून आत आक्रसतात, वरचा थर गडद तपकिरी होतो आणि आत मात्र मऊ, किंचित हिरवट. फक्त गरम गरम कापायचं नाही. गार होऊ द्यायचं, दुसऱ्या दिवशी जास्त छान लागतं.

आता वाचनाकडे येते. या महिन्यात मी स्वयंपाकाची पुस्तकं पहिल्या पानापासून कादंबरीसारखी वाचली. हे करून बघाच. लक्ष्मीबाई धुरंधरांचं गृहिणीमित्र १९१० चं, हजार पाकक्रिया. कमलाबाई ओगल्यांची रुचिरा १९७० ची. मध्ये साठ वर्षं. आपल्याकडे आत्मचरित्र म्हणजे साहित्य, ललित म्हणजे साहित्य आणि पाककृतींचं पुस्तक म्हणजे तेलाचे डाग पडलेलं, फ्रिजवर ठेवायचं काहीतरी. मला हे अजिबात पटत नाही. दुर्गा भागवतांसारख्या विदुषीने खमंग लिहिलं ते काय वेळ जात नव्हता म्हणून? कुणाच्या घरात काय शिजत होतं, कोणता जिन्नस गृहीत धरलाय आणि कोणता समजावून सांगावा लागतोय, मापं कशात आहेत, शेर-तोळ्यात की वाटी-चमच्यात, यातून त्या काळचं जेवढं कळतं तेवढं कित्येक जाडजूड कादंबऱ्यांतून कळत नाही. रुचिरातली वाटी-चमच्याची मापं बघा. शेजारी उभं राहून "हं, आता बास" म्हणणारी सासू किंवा आई घरात नाही, बदलीच्या गावी दोन खोल्यांत नवं बिऱ्हाड आहे, अशा मुलीसाठी ते लिहिलंय हे पानापानावर जाणवतं. (कादंबरी पण एक घेतली होती, भरपूर बक्षिसं मिळालेली. शंभराव्या पानावर नायक अजून खिडकीबाहेर बघतच होता. परत केली लायब्ररीला.)

आणि मग त्याच १९१० सालचं दुसरं पुस्तक हातात आलं, रमाबाई रानड्यांचं आमच्या आयुष्यातील काही आठवणी. शाळेत एखादा धडा वाचलेला, अख्खं कधी वाचलं नव्हतं. त्यात ते पंचहौद मिशनचं प्रकरण येतं आणि मला एकदम आत्या आठवली.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. १८९० मध्ये पुण्यात पंचहौद मिशन या ख्रिस्ती मिशनमध्ये व्याख्यान होतं, बोलावणं गोपाळराव जोश्यांच्या खटपटीने गेलेलं, तेच ते, डॉक्टर आनंदीबाईंचे यजमान. गावातली मोठी मोठी माणसं गेली, रमाबाईंचे यजमान न्यायमूर्ती रानडे होते, लोकमान्य टिळक होते. व्याख्यान झाल्यावर चहा-बिस्किटं समोर आली. कुणी घेतला, कुणी नुसताच कप हातात धरला. आणि गोपाळरावांनी काय करावं, तर कोण कोण हजर होतं त्याची यादी पुणे वैभव या वर्तमानपत्रात छापून आणली! मग जे पेटलं ते विचारूच नका. ग्रामण्य, म्हणजे धर्म बुडवल्याचा जातीतला खटला, शंकराचार्यांकडे तक्रार, चौकशीला कमिशन, बहिष्काराची भीती, आणि शेवटी प्रायश्चित्तं. रानड्यांनी सुद्धा १८९२ मध्ये घेतलं, बरोबरच्या मित्रांची अडचण सुटावी म्हणून, आणि रमाबाईंना ते बिलकूल आवडलं नव्हतं आणि तसं त्या लिहून मोकळ्या होतात. एवढ्या मोठ्या माणसाची बायको, आणि पुस्तक त्यांच्याच आठवणींचं, तरी गुळमुळीत नाही लिहिलेलं.

चहा आणि बिस्किट! मी ते वाचत होते तेव्हा माझ्या हातात चहाच होता आणि बशीत बिस्किट.

तर माझं मत असं झालंय की ब्रेड आपल्याला परका वाटला तो भट्टीमुळे नाही, हातामुळे. कुणाच्या हातचं, कुणाच्या पाण्यातलं, हा खरा प्रश्न होता. लहानपणी आपण सगळ्यांनी ती गोष्ट ऐकलीय, पोर्तुगीजांच्या काळात विहिरीत पाव टाकला आणि ते पाणी प्यायलेलं अख्खं गाव बाटलं. खरं किती, सांगोवांगीचं किती, ते सोडा, पण गोष्टीत पावच का येतो बघा ना. पाव म्हणजे दुसऱ्याने भिजवलेलं पीठ. त्यात इंधनाचंही गणित आहे. मोठी भट्टी एकदा तापवायची तर ढीगभर लाकूड लागतं, ते एका घराच्या चार पावांसाठी परवडत नाही, गावाची मिळून एक भट्टी असली तरच जमतं. आता गावाची एक भट्टी म्हणजे सगळ्यांचं अन्न एका माणसाच्या हातून जाणार. जिथे एका पंगतीत बसायची मारामार तिथे हे कसं व्हावं? म्हणून ज्याची त्याची चूल वेगळी, तवा वेगळा, आणि पातेल्याच्या झाकणावर निखारे. ही सगळी माझी जुळवाजुळव आहे, कुणी अभ्यासक असतील तर जरूर खोडून काढा.

पण माझ्याकडे घरचा एक पुरावा आहे. आजी, म्हणजे आत्याचीच आई, बेकरीचा पाव जन्मात खाल्ला नाही तिने. पण दिवाळीच्या आधी नानकटाई मात्र बेकरीतूनच व्हायची. ज्यांचं लहानपण तालुक्याच्या गावात गेलंय त्यांना आठवेल, मैदा, पिठीसाखर आणि तूप घरून डब्यात न्यायचं, बेकरीवाल्या चाचांकडे नंबर लावायचा, ते तिथेच परातीत फेसून पत्र्यांवर गोळे लावायचे, प्रत्येकाच्या पत्र्यावर नावाची चिठ्ठी, आणि संध्याकाळी गरम नानकटाईचा डबा छातीशी धरून घरी यायचं. आजी ती आवडीने खायची. एकदा आईने धीर करून विचारलं तर म्हणाली, "त्यात पाणी कुठे असतं? आणि तूप आपलंच आहे की." झालं! म्हणजे भट्टी चालत होती, चाचांचा हातही चालत होता, फक्त पाणी नको. नियम पण कसे आपल्या सोयीचे वाकवायचे ते आजीकडून शिकावं. आत्या या नानकटाईवरच वाढलीय हे तिला सांगायची हिंमत माझ्यात नाही.

गोव्यात बघा, हाच पाव रोजच्या जगण्यात किती मुरला. पोदेर, म्हणजे पाववाला, सकाळ-संध्याकाळ सायकलवर हॉर्न वाजवत येतो आणि कुठल्याही घरातून, हिंदू असो ख्रिश्चन असो, उंडे, पोळी, काकणं असे पावाचे प्रकार घ्यायला माणूस बाहेर येतो. पूर्वी पीठ फुगवायला माडाची सूर, म्हणजे ताडी, वापरायचे, यीस्टच्या पाकिटाच्या कितीतरी आधी. आणि मुंबई वडापाव सोडून जगेल का? इकडे २०२५ च्या जानेवारीत हायकोर्टाने मुंबईतल्या लाकूड-कोळशावरच्या बेकऱ्यांना गॅस नाहीतर विजेवर यायला सहा महिन्यांची मुदत दिली तेव्हा लोक चवीसाठी हळहळत होते. मला भट्टीसमोर दिवसभर धूर खाणाऱ्या माणसाची फुप्फुसं जास्त महत्त्वाची वाटतात, पण हळहळ मात्र खरी होती. परक्या गोष्टीसाठी कुणी हळहळत नाही.

वाचन आणि ब्रेड एकत्र का जमतं तेही सांगते, कारण बऱ्याच जणींनी इनबॉक्समध्ये वेळ कसा मिळतो विचारलंय. अहो, ब्रेडमध्ये तुमचं काम फारच थोडं असतं. मळायचं, मग दर अर्ध्या तासाने ओल्या हाताने पीठ ओढून घडी घालायची, आणि मधला सगळा वेळ तुमचा. या अर्ध्या अर्ध्या तासाला स्मृतिचित्रे हे आत्मचरित्र अगदी फिट बसतं. लक्ष्मीबाई टिळकांचे प्रसंग छोटे छोटे, एक संपला की उठायचं, घडी घालायची, परत बसायचं. थंडीत पीठ फुगायला दुप्पट वेळ लागतो त्यामुळे वाचन पण दुप्पट. रहस्यकथा मात्र घेऊ नका, पीठ भांड्याबाहेर येईल तरी तुम्ही उठणार नाही.

शिवाय लक्ष्मीबाई नाशिकच्या, आमच्या गावच्या म्हणायला हरकत नाही, माहेर इथलं जलालपूरचं. वडिलांना सोवळ्याचं भयंकर वेड, त्या घरात वाढलेली बाई, नवरा १८९५ मध्ये ख्रिस्ती होतो आणि ही १९०० मध्ये. मधली पाच वर्षं तिची काय उलथापालथ झाली असेल! आणि ते सगळं ती सांगते कसं, तर स्वतःवर हसत हसत. सोवळं एका दिवसात सुटत नाही, एकेक पदर गळत जातो, कधी रडून कधी चिडून. रमाबाई आणि लक्ष्मीबाई पाठोपाठ वाचल्यावर मला वाटलं, पुरुषांनी सभांमध्ये जे वाद घातले ते या दोघींनी घरात निस्तरले. पाण्याचा हंडा कुणी भरायचा हे शेवटी बाईलाच ठरवावं लागतं ना.

ब्रेडचं तांत्रिक थोडं, विचारलंय म्हणून. चक्कीच्या आट्याचा ब्रेड मैद्यासारखा फुगणार नाही, कोंडा ग्लुटेनचे धागे कापतो, त्याला इलाज नाही. मी निम्मा आटा निम्मा मैदा घेते आणि पाणी हाताला चिकटेल इतकं जास्त घालते. पाणी कोमट म्हणजे बाळाच्या आंघोळीच्या पाण्याइतकंच, कढत पाण्यात यीस्ट मरतं. बटर मीठवालं असेल तर वरून मीठ कमी. बाकी यूट्यूबवर ढिगाने आहे, बघा.

आत्याकडे संक्रांतीला जायचंय. तिळगुळाबरोबर धोंडस नेणार आहे, ओटीजीचं नाव काढणार नाही. आणि कुणा सीकेपी मैत्रिणीकडे निनाव्याचं घरचं प्रमाण असेल तर कमेंटमध्ये टाका ना प्लीज. हरभऱ्याचं पीठ आणि कणीक यांचं माप प्रत्येक ठिकाणी वेगळंच मिळतंय आणि नारळाच्या दुधात कुणी म्हणतं घट्ट शिजवून मग भाज, कुणी म्हणतं पातळच ठेव. वाटीत सांगितलंत तरी चालेल, ग्रॅम माझे मी काढीन.