डीपीचा फोन आणि सभागृहातला प्रश्न

गेल्या रब्बीत गोदाकाठच्या आमच्या शिवारातली डीपी, म्हणजे विजेचे रोहित्र, जळाली आणि बारा दिवस तशीच राहिली. गहू ओंबीवर आलेला, विहिरीत पाणी भरपूर, पण मोटार चालवायला वीज नाही. अर्ज झाले, हेलपाटे झाले. वीज कार्यालयातून ‘रोहित्र शिल्लक नाही’ एवढेच उत्तर येत राहिले. शेवटी आम्ही सात-आठ जण आमदारसाहेबांच्या संपर्क कार्यालयात गेलो. साहेबांनी आमच्यादेखत फोन लावला, “आपल्या माणसांचं काम आहे” एवढेच म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी रोहित्र आमच्या ट्रॉलीत होते. त्यांचे उपकार मी नाकारत नाही. तो गहू माझ्या घरात आला. मात्र रोहित्र उतरवून घेताना वायरमन सहज बोलून गेला की यादीत आमच्या आधी पलीकडच्या तांड्याचा क्रमांक होता. तांड्यासाठी फोन करणारे कोणी नव्हते.

गावांसाठी आमदाराने केलेले काम कशाने मोजावे, हा प्रश्न मला तेव्हापासून छळतो आहे. आपण सभामंडप, पेव्हर ब्लॉक आणि दशक्रियेला लावलेली हजेरी मोजतो. २०२२ च्या अर्थसंकल्पात आमदारांचा स्थानिक विकास निधी वर्षाला ५ कोटी रुपये झाला. शे-सव्वाशे गावांच्या मतदारसंघात तो सारखा वाटला, तर गावाच्या वाट्याला चार-पाच लाख येतात. तेवढ्यात एक सभामंडपही धड उभा राहत नाही.

याउलट कायदा काय करू शकतो, हे मराठवाड्याने अनुभवले आहे. बहात्तरच्या दुष्काळात माझी आई खडी फोडायला जात असे आणि तिथे मिळणारी सुकडी (पौष्टिक पीठ) पदरात बांधून आणत असे. ते काम म्हणजे सरकारची मेहेरबानी होती. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी चिकाटीने मांडलेल्या कल्पनेतून १९७७ चा रोजगार हमी कायदा झाला, २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला, आणि मजुराने मागणी केल्यावर पंधरा दिवसांत काम, नाही तर बेकारी भत्ता, असा हक्क तयार झाला. हजेरीपटावरची बोगस नावे मीही पाहिली आहेत. तरी मागणाऱ्याची मान ताठ झाली, हे खोटे नव्हे. जायकवाडीचेही तसेच. वरच्या धरणांतून आपल्याकडे पाणी सोडण्याचा आग्रह आज धरता येतो, तो २००५ च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायद्यातील समन्यायी वाटपाच्या एका उपकलमामुळे. त्यामागे कोणाचा फोन नाही.

अर्थात केवळ कागदावर लिहून भागत नाही. मागास भागांच्या समतोल विकासासाठीच्या वैधानिक विकास मंडळांचा ठराव विधिमंडळाने १९८४ मध्ये केला, मंडळे आली १९९४ मध्ये, आणि २०२० च्या एप्रिलअखेर मुदत संपली तेव्हा त्यांच्यासाठी सभागृह अडवून धरणारे फारसे कोणी दिसले नाहीत. रोहित्राचेही नियम आहेतच: ग्रामीण भागात नादुरुस्त रोहित्र ४८ तासांत बदलावे, असे वीज नियामक आयोगाचे विनियम सांगतात. मग तालुक्यात वर्षभरात किती रोहित्रे जळाली, किती मुदतीत बदलली आणि उशिराची भरपाई किती शेतकऱ्यांना मिळाली, हे तारांकित प्रश्न (मंत्र्यांना सभागृहात तोंडी उत्तर द्यावे लागते तो) टाकून विचारायचे कोणी? मंत्र्यांनी सभागृहात शब्द दिला की तो आश्वासन समितीकडे जातो, त्याची नोंद राहते. फोनची कुठे राहते?

नागपूरच्या अधिवेशनाआधी आम्ही नेमका हाच प्रश्न लिहून, तांड्यावरच्या लोकांच्या सह्यांसह, संपर्क कार्यालयात दिला. स्वीय सहायकांनी तो उभ्या उभ्या वाचला आणि आपुलकीने विचारले, “पण सर, तुमची डीपी तर बसली ना?”