नगरसेवकांनो, पुढच्या सभेबद्दल चकार शब्द काढू नका!

सर्वप्रथम मनःपूर्वक अभिनंदन. 15 जानेवारी 2026 ला राज्यातल्या 29 महापालिकांसाठी मतदान झालं, दुसऱ्या दिवशी गुलाल उधळला आणि तुम्ही एकदाचे सभागृहात पोचलात. आता प्रभागातली काही रिकामटेकडी माणसं एक विचित्र प्रश्न घेऊन तुमच्या संपर्क कार्यालयाच्या पायऱ्या चढतील. ‘पुढच्या सर्वसाधारण सभेत अमुक विषय येतोय, त्यावर तुमचं मत काय?’ गांगरून जाऊ नका. मी त्या रिकामटेकड्यांपैकीच एक. नुकताच हा प्रश्न विचारून आलोय आणि तुमच्यातल्याच काही मंडळींनी मला ज्या सफाईने वाटेला लावलं, ती कला वाया जाऊ नये म्हणून हा उपद्व्याप.

माझा विषय अगदीच किरकोळ होता. आमच्या भागात एक मैदान आहे. विकास आराखड्यात त्यावर खेळाच्या मैदानाचं आरक्षण आहे आणि मुलं तिथे खरोखरच खेळतात, हाच बहुधा त्याचा गुन्हा. तिथे आता वाहनतळ आणि सोबत गाळे करायचे, म्हणून आरक्षणात फेरबदलाचा प्रस्ताव सभेपुढे येतोय. मला एवढंच हवं होतं: तुम्ही हो म्हणणार की नाही?

तर पहिला सल्ला. विषयपत्रिका अजिबात वाचू नका. सभेची नोटीस साधारण सात दिवस आधी निघते आणि तिच्यासोबत कागदांचा गठ्ठा घरी येतो. त्याची सुतळीसुद्धा सोडू नका. आत ‘फेरबदल करणेकामी मान्यता मिळणेबाबत’ असल्या भाषेत पानभर लांबीची वाक्यं असतात, उगाच डोळ्यांना त्रास. शिवाय न वाचल्यामुळे ‘अजून बघितलं नाही हो’ हे छातीठोकपणे सांगता येतं आणि ते शंभर टक्के खरं असतं. सार्वजनिक जीवनात इतकं निखळ सत्य बोलायची संधी पुन्हा येत नाही.

व्हॉट्सॲपवर कोणी विचारलंच, तर हात जोडलेलं चित्र पाठवा. हो पण नाही, नाही पण नाही.

मुंबई सोडली तर बहुतेक ठिकाणी प्रभाग चार सदस्यांचा आहे, या देणगीचा पुरेपूर वापर करा. आम्ही अ, ब, क, ड अशी चार बटणं दाबली ती उगाच नाही. अ ने सांगावं की तो भाग ब बघतात. ब ने सांगावं की मैदानाचा विषय क नी लावून धरलाय. क गावाला गेलेले असावेत. राहता राहिल्या ड. त्यांचा फोन त्यांच्या यजमानांनी उचलावा आणि म्हणावं, ‘मॅडम बिझी आहेत, मला सांगा, सगळं मीच बघतो.’ 2011 पासून राज्यातल्या स्थानिक संस्थांत निम्म्या जागा महिलांना राखीव आहेत. या यजमानांना कुठल्या जागेवरून निवडून दिलं, ते मात्र मतपत्रिकेत सापडलं नाही. आणि हो, उद्घाटनाच्या फ्लेक्सवर चौघेही असावेत, पाचवे यजमानही, आणि त्यांच्या डोक्यावर गोल गोल चौकटींत एवढे नेते की उद्घाटन कशाचं होतं हे शोधावं लागावं.

क्षेत्रसभा हा शब्द कोणी उच्चारला तर खोकला काढा. 2005 च्या जेएनएनयूआरएम या शहरविकासाच्या योजनेतून केंद्राचा निधी हवा असेल तर लोकसहभागाचा कायदा करा, अशी अट होती, म्हणून आपल्या राज्याने महापालिकेच्या कायद्यात ही तरतूद घातली. नगरसेवकाने आपल्या भागातल्या मतदारांना बोलावून त्यांच्यासमोर बसायचं, त्यांचं ऐकायचं, अशी काहीतरी चमत्कारिक कल्पना आहे. बसायचंच असेल तर हळदीकुंकू आहे, आरोग्य शिबिर आहे, चष्मेवाटप आहे.

सभा नकोशी झाली तर कोणाला तरी श्रद्धांजली वाहून तहकूब करा.

आता खरी गुरुकिल्ली. मत विचारायची योग्य वेळ कधीच येऊ द्यायची नाही. सभेच्या आधी कोणी आलं तर म्हणा, ‘अजून विषय पटलावर आलाच नाही, आत्ताच कशाला घाई?’ सभेच्या आदल्या दिवशी म्हणा, ‘आज पार्टी मीटिंग आहे, गटनेते सांगतील तसं.’ सभेच्या दिवशी फोन बंद. आत काय होतं ते आम्हाला पाठ आहे. विषयाचा नंबर पुकारला जातो, कोणीतरी ‘मंजूर’ म्हणतं, मागून दोघे ‘मंजूर, मंजूर’ म्हणतात आणि इतिवृत्तात ‘एकमताने’ असं छापून येतं. एखादी उपसूचना घुसवलेली असते, ती कोणी मांडली आणि कोणी अनुमोदन दिलं हे नंतर कळतं. दुसऱ्या दिवशी कोणी जाब विचारायला आलं तर खांद्यावर हात ठेवून सांगा, ‘अहो, हे अंतिम थोडंच आहे? हरकत घ्या की!’ म्हणजे 1966 च्या नगररचना कायद्याचं कलम 37 आमच्या हातात द्यायचं. नोटीस निघणार, कुठल्या तरी वर्तमानपत्रात मुंगीच्या पावलांएवढ्या अक्षरात छापली जाणार, एक महिन्याची मुदत, मग सुनावणी. तिथे आम्ही अर्धा दिवस रजा टाकून जायचं, बाकावर बसायचं, आणि तीन मिनिटांत ‘तुमचं म्हणणं नोंदवून घेतलंय’ ऐकून परत यायचं. तिथेही तुमच्यापैकी कोणी नसतं! त्यानंतर विचारलं तर ‘फाइल शासनाकडे गेली, आता आपल्या हातात काय?’ सभेच्या आधी फार लवकर, सभेनंतर फार उशीर. मग तुमच्या हातात होतं तरी केव्हा? त्या ‘मंजूर’ म्हणायच्या दीड सेकंदात? आणि त्या दीड सेकंदासाठी आम्ही रांगा लावल्या?

असो. सल्ले चालू होते.

पक्षादेशाची ढाल वापरा. 1986 चा अपात्रतेचा कायदा स्थानिक संस्थांनाही आहे, व्हिप मोडला तर पद जाऊ शकतं, हे सांगताना चेहरा करुण ठेवा. ऐकणारा सहसा विचारत नाही की या विषयावर व्हिप काढलाय का. मी विचारलं. काढला नव्हता. आणि काढला असता तरी व्हिप मतदानाला असतो, तोंडाला नसतो. ‘हा प्रस्ताव मला चुकीचा वाटतो’ असं गल्लीत उभं राहून बोललं म्हणून कोणतं पद जातं?

हे एवढं विचारल्यावर समोरून उत्तर आलं, ‘तुम्ही राजकारण करू नका.’

राजकारण? ते तुमचं काम आहे, साहेब. त्यासाठीच पाठवलंय तुम्हाला. 2022 पासून किती शहरांत सभागृहांना कुलूप होतं, काही ठिकाणी तर त्याच्याही आधीपासून. प्रशासक प्रस्ताव मांडणार आणि प्रशासकच मंजूर करणार. आम्ही तेव्हा बोंब मारत होतो की विचारायला आपला माणूस नाही. निवडणुका व्हाव्यात म्हणून प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. आता आपला माणूस आहे, चार-चार आहेत, आणि तरी उत्तर तेच. प्रशासक निदान आमच्या दारात मतं मागायला आला नव्हता, त्याने आमच्या सोसायटीत बाकडं देऊन त्यावर स्वतःचं नाव रंगवलं नव्हतं. प्रचारात तुम्हाला प्रत्येक गोष्टीवर मत होतं, पाण्यावर, कचऱ्यावर, देशाच्या परराष्ट्र धोरणावरसुद्धा. घरापासून शंभर पावलांवरच्या मैदानाचं नाव काढलं की तुमची वाचा बसते. का बसते, हे आम्हाला कळत नाही असं वाटतं का तुम्हाला? गाळे कोण बांधणार, कोणाला मिळणार, याची चर्चा तुम्ही गठ्ठा सोडायच्या आधी चहाच्या टपरीवर होते. तुम्ही बोलत नाही म्हणून गोष्ट झाकली जात नाही. फक्त तुम्ही कोणाच्या बाजूला आहात ते उघडं पडतं.

आणि तुमच्या मताला विरोध असला तरी ऐकून घेऊ आम्ही. गाड्या लावायला जागा नाही, रस्ता अडतो, म्हणून वाहनतळ हवाच, असं वाटत असेल तर तसं सांगा ना. त्यावर भांडता येतं, दुसरी जागा सुचवता येते. नुसत्या हात जोडलेल्या चित्राशी कसं भांडायचं?

सभा महिन्यातून एकदा घ्यावीच लागते, सभागृहाचं दार नागरिकांना उघडं असतं आणि आम्ही गॅलरीत येऊन बसणार आहोत. तोपर्यंत सुतळी सोडा. मैदानाचा विषय काढा, वाचा, आणि आपलं म्हणणं स्वतःच्या सहीने कार्यालयाच्या दारावर लावा. चौघांनी, वेगवेगळं. आणि यापुढे मॅडमचा फोन मॅडमनी उचलायचा.