केटरर पारखायचा तर मागच्या दाराने जा

टेस्टिंगला गेलं की प्रत्येक केटररची बासुंदी झकासच असते. दहा वाट्या बासुंदी कोण बिघडवणार? प्रश्न असतो 400 पानांचा, तोही दुपारी दीडच्या पंगतीला. त्यामुळे टेस्टिंग, इन्स्टाग्रामवरच्या रील्स आणि फाइव्ह स्टार रिव्ह्यू या तिन्हींवर माझा विश्वास जेमतेमच. माझं मत असं, की लग्नातला कुठलाही माणूस पारखायचा तर त्याच्या गिऱ्हाइकाला नव्हे, तो ज्यांचं देणं लागतो त्यांना विचारावं. वाढपी, फुलवाला, भांडी घासणाऱ्या मावश्या, कार्यालयाचा वॉचमन.

यजमान त्या दिवशी इतके गडबडीत असतात की मठ्ठा आंबट होता हेसुद्धा त्यांना चार दिवसांनी चुलत सासूबाईंकडून कळतं. वाढपी मात्र त्याच केटररकडे अख्खा सीझन राबतो.

भाचीच्या लग्नात ताईचे दोन केटरर जवळपास ठरले होते, दरही सारखेच. दोघांचंही काम चालू असताना आम्ही दोघी परक्या लग्नात कार्यालयाच्या मागच्या बाजूने शिरलो. (आगाऊपणा आहे, पण कुणी हटकत नाही. प्रत्येकाला वाटतं, दुसऱ्या पक्षाकडच्या असतील.) पहिल्याकडे शेवटची पंगत उठल्यावर वाढपी पोरं उरलासुरला मसालेभात उभ्या उभ्या खात होती आणि भांड्यांवरच्या मावशी आपणहून म्हणाल्या, "ताई, मागच्या दोन कार्यांचे पैसे राहिलेत आमचे." दुसऱ्याकडे पोरांना बसवून जिलेबीसकट वाढलेलं आणि मालक स्वतः वाढायला. ताईने त्याच संध्याकाळी इसार दिला. जिथे माणसांची मजुरी थकते तिथली चांगली माणसं टिकत नाहीत, मग पाण्यासाठी तीनदा हाका माराव्या लागतात.

प्रत्येकाला विचारायचा दुसरा प्रश्न म्हणजे, त्या तारखेला तुमच्या ऑर्डरी किती? चातुर्मासात लग्नं जवळजवळ बंद, तुळशीचं लग्न लागलं की सगळ्यांची झुंबड मोजक्या मुहूर्तांवर. मग ज्या फोटोग्राफरचं काम बघून आपण भुललो तो एका कार्यालयात, आणि आपल्याकडे त्याचा असिस्टंट. कॅमेऱ्यामागे नक्की कोण असणार, ते नावानिशी लिहून घ्या. शेवटचा हप्ता अल्बम हातात पडल्यावर. नाहीतर लग्नाचा अल्बम बारशाला येतो.

सगळ्यात जास्त भांडणं होतात ती पानांच्या हिशोबावरून. 400 ची हमी दिलेली असते, बिल येतं 460 चं. बुफेत प्लेटा मोजतात, पण धुऊन परत आलेली प्लेट कशी धरायची? बँडवाले, ड्रायव्हर, फोटोवाले जेवले ते कुणाच्या खात्यात? लहान मुलांचं पान अर्धं की पूर्ण? हे इसार देण्याआधी कागदावर आलं पाहिजे. आणि प्लेटांच्या ढिगाशेजारी घरातली एक खमकी आत्या बसवावी, तिच्यासारखं सीसीटीव्ही नाही.

कार्यालयाच्या यादीतला डेकोरेटर घ्यावा की बाहेरचा? बाहेरचा घेतला तर बरीच कार्यालयं रॉयल्टी, म्हणजे बाहेरचा माणूस आणल्याचे जादा पैसे, लावतात, आणि यादीतला कमिशन देतो ते अर्थात आपल्याच खिशातून. तरी मी यादीतलाच घेईन. त्याला पुढच्या आठवड्यात त्याच मॅनेजरला तोंड दाखवायचं असतं, त्यामुळे स्टेज अर्धवट टाकून तो पळत नाही. फक्त रॉयल्टीची रक्कम हॉल बुक करतानाच विचारा.

केटररकडे एफएसएसएआयचा, म्हणजे अन्नसुरक्षा परवान्याचा, 14 आकडी नंबर मागा आणि बिल पक्कंच घ्या. जीएसटी वाचवायला कच्च्या चिठ्ठीवर व्यवहार केला की पुढे ग्राहक आयोगात काय दाखवणार? तिथे 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला शुल्क नाही आणि मुदत 2 वर्षांची आहे. त्याआधी 1915 या हेल्पलाइनवर फोन करून बघा. पण हातात कागद हवा.

राहता राहिले "आपलाच माणूस आहे, लिहून काय घ्यायचं?" म्हणणारे काका. ते प्रत्येक घरात असतात. ओळखीतल्या माणसाशी घासाघीसही करता येत नाही आणि काम बिघडलं तर बोलताही येत नाही, म्हणून तिथे तर कागद आधी हवा. अशा काकांना अक्षता वाटायचं काम द्यावं. मन लावून करतात.