‘जांभळं ते भारी’ : एका फिरत्या यादीचा प्रतिवाद

वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट क्लासिक हा ऑनलाइन गेम खेळायला लागलेल्या नव्या माणसाने "यातलं काय घालू?" असं विचारलं की त्याच्यासमोर हमखास एक यादी येते. कुणी लिहिली माहीत नाही, पण ती एका ग्रुपवरून दुसऱ्या ग्रुपवर सरकत असते. तिचा मजकूर थोडक्यात असा :

(वस्तूच्या नावाचा रंग तिचा दर्जा सांगतो.) हिरव्यापेक्षा निळं भारी, निळ्यापेक्षा जांभळं भारी. ज्या वस्तूला जास्त लेव्हल लागते ती घ्यावी. शस्त्राचा डीपीएस (सेकंदाला होणारं नुकसान) बघावा, बाकी ओळी वाचत बसू नये. शेवटचा सेट हातात येईपर्यंत इनचँटवर (वस्तूवर चढवायच्या जादूच्या गुणांवर) गोल्ड घालवू नये. आणि शस्त्रावर डोळे झाकून क्रुसेडर हे इनचँट.

वाचायला सोपी आहे, म्हणूनच पसरते. शिवाय सुरुवातीच्या लेव्हलना ती बऱ्यापैकी लागूही पडते, त्यामुळे माणसाचा तिच्यावर विश्वास बसतो आणि ६० व्या, म्हणजे शेवटच्या लेव्हलला पोचल्यावरही तो तीच यादी धरून बसतो. तिथे मात्र तिचा फटका त्याच्यासकट रेडमधल्या (४० जणांच्या मोहिमेतल्या) इतर ३९ जणांना बसतो, कारण एकाला चांगली लागली असती अशी वस्तू दुसराच रंग बघून उचलतो. त्यामुळे एकेक वाक्य घेऊन बोलतो.

आधी रंग. वस्तूला एकूण किती गुण वाटून दिलेत, याचा अंदाज रंगावरून येतो, एवढं खरं. ते गुण कशावर खर्च झालेत हे रंग सांगत नाही. मोल्टन कोअर या रेडमध्ये मिळणारा वॉरियरचा ‘माइट’ सेट घ्या. अख्खा जांभळा. पण त्याचे बरेचसे गुण स्टॅमिना, डिफेन्स, डॉज, पॅरी यांवर गेलेत. टँकला, म्हणजे बॉसचे वार अंगावर घेणाऱ्याला तो हवाच. दोन हातांत दोन शस्त्रं घेऊन नुसती मारामारी करणाऱ्या फ्युरी वॉरियरला त्यातला निम्मा माल फुकट जातो, कारण बॉस त्याला मारतच नाही.

आता त्याच्या शेजारी डेव्हिलसॉरचे हातमोजे आणि पँट ठेवा. दोन्ही निळे, दोन्ही चामड्याचे, त्यांचा पॅटर्न शिकलेला लेदरवर्कर ते बनवून देतो. हातमोज्यांवर २८ अटॅक पॉवर आणि १ टक्का क्रिट (वार जास्त जोरात लागण्याची शक्यता), पँटवर ४६ अटॅक पॉवर आणि १ टक्का क्रिट. दोन्ही एकत्र घातले की वर २ टक्के हिट (वार न चुकण्याची शक्यता). वॉरियरच्या हिशेबात १ स्ट्रेंथ म्हणजे २ अटॅक पॉवर, म्हणजे ही ७४ अटॅक पॉवर ३७ स्ट्रेंथच्या बरोबरीची झाली. प्लेट घालता येत असताना चामडं घालून उभा राहिलेला वॉरियर बघून नवे लोक त्याला कच्चा समजतात. बहुतेक वेळा हिशेब करून आलेला तोच असतो.

यातल्या ‘हिट’वर जरा थांबतो, कारण यादीत तिचं नावच नाही आणि सगळ्यात जास्त तोटा तिथेच होतो. रेडमधला बॉस ६३ लेव्हलचा धरला जातो, म्हणजे आपल्यापेक्षा तीन लेव्हल वर. शस्त्राचं कौशल्य ३०० असेल तर स्पेशल हल्ले चुकू नयेत म्हणून ९ टक्के हिट लागते. दोन हातांत दोन शस्त्रं असतील तर साध्या वारांपैकी २७ टक्क्यांच्या आसपास वार हवेतच जातात. जादूवाल्यांचं गणित वेगळं. ६३ लेव्हलच्या बॉसवर त्यांची १७ टक्के जादू लागतच नाही. त्यातली १६ टक्के हिटने भरून काढता येते, शेवटचा १ टक्का काही केल्या जात नाही. फ्रॉस्ट मेजला (बर्फाची जादू करणाऱ्या जादूगाराला) टॅलेंटमधून ६ टक्के मिळतात, म्हणजे गिअरमधून (अंगावरच्या वस्तूंमधून) १० टक्के जमवायचे.

समजा, त्या मेजपुढे दोन अंगठ्या आहेत. एक जांभळी, २० इंटेलेक्टची. दुसरी निळी, १ टक्का हिटची. २० इंटेलेक्ट म्हणजे ३०० माना (जादूचं इंधन), आणि मेजला १ टक्का क्रिटसाठी सुमारे ६० इंटेलेक्ट लागतं म्हणून त्यातून क्रिट मिळालं जेमतेम एक तृतीयांश टक्का. हिटवाल्या अंगठीने १०० पैकी ८९ लागणारे फ्रॉस्टबोल्ट ९० लागायला लागतात, बॉसचं एकूण नुकसान एक टक्क्याहून थोडं जास्त वाढतं. निळी जिंकली. पण तोच मेज १० टक्क्यांना पोचला की पुढची हिट शून्य कामाची, आणि मग जांभळी जिंकते. अंगठ्या त्याच आहेत, माणूसही तोच. अंगावर आधी काय आहे, यावर किंमत ठरली. ही गोष्ट रंगाच्या यादीत मावतच नाही.

दुसरं वाक्य, जास्त लेव्हल म्हणजे जास्त चांगलं. याला एजमास्टर्स हँडगार्ड्स एवढं एकच उत्तर पुरेसं आहे. ४४ व्या लेव्हलला घालता येणारे हे हातमोजे, कुऱ्हाड, खंजीर आणि तलवार यांचं कौशल्य ७ ने वाढवतात. ना स्ट्रेंथ, ना क्रिट. तरी ६० लेव्हलचे वॉरियर त्यासाठी ऑक्शन हाउसवर आयुष्यभराचं गोल्ड ओततात. कारण असं की बॉसवर केलेल्या साध्या वारांपैकी ४० टक्के वार निसटते बसतात, ज्याला ग्लान्सिंग म्हणतात. कौशल्य ३०० असताना अशा प्रत्येक वारातलं सरासरी ३५ टक्के नुकसान कापलं जातं. कौशल्य ३०५ झालं की कपात १५ टक्क्यांवर येते. शिवाय वार चुकण्याचं प्रमाणही उतरतं.

आणि इथेही सरसकट नियम करू नका. ह्यूमन वॉरियरला तलवारीचं आणि ऑर्कला कुऱ्हाडीचं कौशल्य जन्मतःच ५ ने जास्त मिळतं. त्यांनी आपलंच शस्त्र धरलं तर या हातमोज्यांचा बहुतेक फायदा त्यांच्या पदरात आधीच पडलेला असतो. नाइट एल्फने ते घेतले तर सोनं, तलवारवाल्या ह्यूमनने घेतले तर बहुधा पैशाची नासाडी. ज्यांना आणखी पुरावा हवा त्यांनी प्राण्याचं रूप घेऊन लढणाऱ्या फेरल ड्रुइडच्या पिशवीत डोकवावं. नोमरेगनमध्ये मिळणारे, लेव्हल ३० च्याही आतले मॅन्युअल क्राउड पमलर नावाचे सोटे त्यात भरून ठेवलेले दिसतील, कारण ते वापरलं की ३० सेकंद हल्ल्याचा वेग ५० टक्क्यांनी वाढतो. एका पमलरचे तीन वापर संपले की दुसरा काढायचा.

तिसऱ्या वाक्यासाठी, म्हणजे डीपीएसच्या आकड्यासाठी, डाल'रेंडच्या दोन तलवारी शेजारी ठेवून बघा. अप्पर ब्लॅकरॉक स्पायरमध्ये रेंड ब्लॅकहँडकडून मिळतात, एक उजव्या हाताची, एक डाव्या. दोन्हींवर डीपीएस एकच, ४१.४. पण उजव्या हातातली सेक्रेड चार्ज ८१ ते १५१ मारते आणि तिचा वेग २.८ सेकंद आहे. डाव्या हातातली ट्रायबल गार्डियन ५२ ते ९७ मारते, वेग १.८. सरासरी वार एकीचा ११६, दुसरीचा साधारण ७५.

साध्या वारांत दोघी सारख्याच, कारण हलकी तलवार जास्त वेळा चालते. फरक पडतो तो रोग (Rogue) या क्लासच्या सिनिस्टर स्ट्राइकसारख्या तात्काळ हल्ल्यात. तो हल्ला उजव्या हातातल्या शस्त्राचा पूर्ण एक वार घेतो, त्यात शेवटच्या रँकला ६८ मिळवतो, आणि किती वेळा करता येईल हे एनर्जीवर ठरतं, शस्त्राच्या वेगावर नाही. ११६ अधिक ६८ म्हणजे १८४. ७५ अधिक ६८ म्हणजे १४३. अटॅक पॉवरचा भाग इथे वेगावर बदलत नाही, खंजीर सोडून एकहाती शस्त्राला सगळीकडे २.४ सेकंदच धरले जातात. म्हणजे उरतो तो शस्त्राचा मूळ वार, आणि तो जड शस्त्राचा मोठा. खेळ बनवणाऱ्यांनी जड तलवार उजव्या आणि चपळ तलवार डाव्या हाताला दिली ती उगाच नाही. बाकी ओळी वाचू नका असं सांगणारा माणूस नेमकी वेगाची ओळ वाचू देत नाही. खंजीराने बॅकस्टॅब करणाऱ्यांचा हिशेब वेगळा आहे, पण त्यांनाही वेगाची ओळ वाचावीच लागते.

चौथं वाक्य मला सगळ्यात जास्त खटकतं, कारण ते नव्या खेळाडूचे महिनेच्या महिने खातं. शेवटचा सेट मिळेपर्यंत इनचँट करू नका म्हणे. क्लासिकमध्ये शेवटचा सेट बहुतेकांना मिळतच नाही. ४० जणांचा रेड, एका बॉसकडून हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या वस्तू, आणि तीच वस्तू मागणारे आणखी चार-पाच. तोवर तुम्ही जे घालून लढता तेच तुमचं खरं गिअर.

३० व्या लेव्हलच्या वॉरियरची व्हर्लविंड ॲक्स घ्या. क्वेस्ट करून मिळते, ३५.६ डीपीएसची, आणि चाळिशी गाठेपर्यंत तिला तोड मिळणं अवघड. तिच्यावर फायरी वेपन मारून घेतलं तर अधूनमधून वारासोबत ४० आगीचं नुकसान होतं. खेळाडूंनी मोजून काढलेला दर मिनिटाला सुमारे ६ वेळा असा आहे, म्हणजे सेकंदाला ४. नऊ कुऱ्हाडींमागे एक कुऱ्हाड फुकट मिळाल्यासारखी ही भर. साहित्य लागतं चार स्मॉल रेडियंट शार्ड आणि एक इसेन्स ऑफ फायर. क्लासिकमध्ये इनचँटला लेव्हलची अट नसते, त्यामुळे छोट्या लेव्हलचा खेळाडूही हे बिनधास्त करून घेऊ शकतो. मनगटावर ७ स्ट्रेंथ, हातमोज्यांवर ७ ॲजिलिटी, असली कामं तर त्याहून किरकोळ खर्चात होतात, आणि इनचँटिंग शिकणारी मंडळी स्वतःचं कौशल्य वाढवायला साहित्य आणलंत तर मजुरीही घेत नाहीत. ती वस्तू पुढे बदलली की इनचँट जातं, हे बरोबर. तोवर त्याने आपलं काम केलेलं असतं. आणि तुम्ही स्वतः इनचँटर असाल तर जुनी निळी वस्तू मोडून शार्डही काढून घेता येतो.

या भीतीचा उगम मला कळतो. आपल्याकडच्या सायबर कॅफेंत ज्यांनी रॅग्नारॉक खेळलं, त्यांनी +४ च्या पुढे चिलखत नेताना ते डोळ्यांदेखत फुटलेलं पाहिलंय. लिनिएज २ मध्येही +३ च्या पुढे शस्त्र नेणं म्हणजे जुगार. तिथे ‘थांब, घाई करू नको’ हा सल्ला सोन्यासारखा आहे. वॉरक्राफ्टमध्ये इनचँट कधीच फसत नाही आणि वस्तू कधीच मोडत नाही. एका वस्तूवर एकच कायमचं इनचँट राहतं, नवं केलं की जुनं पुसलं जातं, एवढीच काय ती अट. धार लावायचे दगड आणि विझर्ड ऑइल हे तात्पुरते असतात आणि कायमच्या इनचँटसोबत सुखाने नांदतात. ते केल्याने क्रुसेडर जातं ही आणखी एक अफवा.

राहता राहिलं क्रुसेडर. वॉरियरसाठी ते उत्तम आहे, यात दुमत नाही. चार लार्ज ब्रिलियंट शार्ड आणि दोन रायचस ऑर्ब, आणि ऑर्बसाठी स्ट्रॅटहोममध्ये स्कार्लेट लोकांना झोडपणं. बदल्यात मिनिटाला साधारण एकदा १०० स्ट्रेंथ, १५ सेकंदांसाठी, वर ७५ ते १२५ हेल्थ. मिनिटाची पाव वेळ धरली तर सरासरी २५ स्ट्रेंथच्या जरा खाली. वॉरियरला ती जवळजवळ ५० अटॅक पॉवर झाली.

रोग क्लासला मात्र १ स्ट्रेंथमधून १ च अटॅक पॉवर मिळते, म्हणजे लाभ सरळ निम्मा. त्याच्यासाठी समोर +१५ ॲजिलिटी उभी राहते : १५ अटॅक पॉवर, आणि २९ ॲजिलिटीला १ टक्का या दराने अर्धा टक्का क्रिट, तेही चोवीस तास. इथे खरंच कागद घेऊन बसावं लागतं. मेजच्या काठीवर क्रुसेडर म्हणजे काहीच नाही. त्याला +३० स्पेल पॉवर, ज्यातून प्रत्येक फ्रॉस्टबोल्टमागे सुमारे २४ नुकसान वाढतं. हीलरला +५५ हीलिंग. या दोन्हींचे फॉर्म्युले मोल्टन कोअरमधून येतात, तेव्हा गिल्डमध्ये कुणाकडे आहेत ते आधी विचारून ठेवावं. फेरल ड्रुइड मांजर किंवा अस्वल झाला की त्याचं शस्त्र वार करतच नाही, त्यामुळे क्रुसेडर पेटतही नाही. शस्त्रावरची साधी ॲजिलिटी मात्र त्या रूपातही अंगी राहते.

सगळ्यात हळहळ वाटते ती हंटरची. तो लांबून धनुष्याने मारतो. हातातला भाला फक्त अंगावरचे आकडे वाढवायला असतो. क्रुसेडर त्या भाल्याच्या वारावर पेटतं, आणि भाला कुणाला लागतच नाही. ‘शस्त्रावर डोळे झाकून’ हे वाक्य वाचून आठवडाभर स्ट्रॅटहोमला खेटे घालणारे हंटर दर सर्व्हरवर सापडतात. त्याच्या भाल्यावर हवी +२५ ॲजिलिटी, दोन हातांच्या शस्त्राची, जिचा फॉर्म्युला फेलवूडच्या टिंबरमॉ लोकांशी नातं जुळवलेला इनचँटर आणतो. हंटरला त्यातून ५० रेंज्ड अटॅक पॉवर मिळते. आणि धनुष्यासाठी इनचँटरकडे न जाता इंजिनिअर गाठावा. स्नायपर स्कोपने प्रत्येक बाणात ७ ची भर पडते. बिझनिकचा ॲक्युरास्कोप मिळाला तर ३ टक्के हिट. जमवलेले ऑर्ब ऑक्शन हाउसवर टाकले की वॉरियर ते विकत घेतातच, स्कोपचा खर्च त्यातून निघतो.