ह्मोंग मुलं मत देत नाहीत, हे कुणी मोजलं?

2025च्या नोव्हेंबरात मिनेसोटाच्या राजधानीत, सेंट पॉलमध्ये, काओली हर महापौर म्हणून निवडून आल्या. त्या ह्मोंग, म्हणजे लाओसच्या डोंगरांतून निर्वासित होऊन अमेरिकेत आलेल्या समाजातल्या. तेव्हापासून इथल्या मराठी व्हॉट्सअ‍ॅप गटांत एक संदेश फिरतोय. मला तो तीन जणांनी पाठवला. त्यातले दोघे मला वडीलधारे आहेत, म्हणून नुसतं 'हे खरं नाही' म्हणून सोडून देता येत नाही.

संदेशाचा गोषवारा असा : ह्मोंग लोकांत मत कुणाला द्यायचं ते कुळाचा म्होरक्या ठरवतो. तरुण मुलांना राजकारणाशी देणंघेणं नाही. सरकार त्यांच्या भाषेत मतपत्रिका छापून पैसा उधळतं. आणि मुळात या लोकांना नागरिकत्वच फुकट मिळालं.

शेवटच्या वाक्याला आधी उत्तर देते, कारण ते वाचून मला सगळ्यात जास्त लागलं.

1961पासून सीआयएनं लाओसच्या डोंगरांतल्या ह्मोंग लोकांना त्यांच्यातल्याच जनरल वांग पाओंच्या हाताखाली कम्युनिस्टांशी लढायला उभं केलं. 1962च्या जिनिव्हा करारानुसार लाओस तटस्थ, म्हणजे अमेरिकेचं सैन्य तिथे दिसता कामा नये. म्हणून लढले ते हे लोक. मिसरूड न फुटलेली पोरंही लढली, पाडलेल्या विमानांतल्या अमेरिकी वैमानिकांना शोधून आणताना मेली. मे 1975मध्ये कम्युनिस्टांची सरशी झाली तेव्हा वांग पाओंच्या लाँग टिएंगच्या तळावरून विमानांनी थोडेच लोक बाहेर काढले. बाकीच्यांनी मेकाँग नदी जमेल तशी ओलांडली, थायलंडच्या छावण्यांत वर्षानुवर्षं काढली. त्यानंतर पाव शतकानं, 2000 साली, अमेरिकेनं कायदा करून या माजी सैनिकांना आणि त्यांच्या जोडीदारांना नागरिकत्वासाठी लागणाऱ्या इंग्रजीच्या अटीतून सूट दिली. तीही 45,000 लोकांपुरती. नागरिकशास्त्राची परीक्षा सोपी केली, माफ केली नाही. याला फुकट म्हणायला माझी जीभ रेटत नाही. आणि आजच्या तरुणांचं म्हणाल तर त्यांच्यातले बहुतेक जन्मलेच इथे, त्यामुळे त्यांच्या नागरिकत्वाचा प्रश्नच येत नाही.

आता कुळाचं. 'सगळं कुळ एका शब्दावर मत देतं.'

ह्मोंग समाजात कुळं आहेत, साधारणपणे अठरा धरतात : हर, ली, मोआ, थाओ, वांग, श्याँग, यांग वगैरे. लग्नकार्यात, मयतीला, भांडणं मिटवताना कुळातल्या वडीलधाऱ्यांचा शब्द चालतो, हेही खरं. पण संदेश लिहिणाऱ्याला एक गोष्ट ठाऊक नसावी, आणि ती मराठी माणसाला समजावून सांगावी लागू नये. त्यांच्यात एका कुळात लग्न होत नाही, आपल्याकडच्या सगोत्रासारखं. शिवाय लग्नानंतरही बाई परंपरेनं माहेरच्याच कुळाचं नाव लावते. म्हणजे प्रत्येक घरात निदान दोन कुळं नांदतात, आज्या धरल्या तर जास्तच. मग एकाच म्होरक्याच्या शब्दावर घराची सगळी मतं पडणार कशी?

आकड्यांतही हे बसत नाही. सेंट पॉलची वस्ती तीन लाखांच्या थोडी वर, त्यात ह्मोंग दहात एखादा. त्या एकाचे पुन्हा अठरा तुकडे करा. कुठल्याही कुळाच्या जिवावर इथे साधी वॉर्डाची जागा निघत नाही, महापौरपद तर दूरच. शहरात प्राधान्यक्रमानं मतदान होतं, म्हणजे मतदार उमेदवारांना पहिली, दुसरी, तिसरी अशी पसंती देतो. पहिल्या फेरीत विद्यमान महापौर मेल्विन कार्टर पुढे होते. दुसऱ्या-तिसऱ्या पसंतीची मतं मोजल्यावर हर पुढे गेल्या, आणि अंतर दोन हजारांपेक्षाही कमी. म्हणजे त्यांना तारलं ते ज्यांची पहिली पसंती दुसऱ्याच कुणाला होती अशा लोकांनी. एकगठ्ठा मतांची निवडणूक अशी दिसत नाही.

'तरुणांना रस नाही.' या दाव्यासोबत एक आकडेमोड फिरते : इतकी लोकसंख्या, त्या मानानं मतं इतकीच, म्हणजे रस नाही. ही मोजणीच चुकीची आहे. अमेरिकेतल्या ह्मोंग समाजाचं मध्यम वय पंचविशीच्या आसपास आहे, सगळ्या देशाचं 38च्या आसपास. ज्या समाजात शाळकरी मुलं इतकी जास्त, तिथे मतांना एकूण डोक्यांनी भागलं तर आकडा खाली येणारच. भागायचं तर अठरा वर्षांवरच्या नागरिकांच्या संख्येनं भागा.

बाकी रस कुठे दिसतो म्हणाल, तर उमेदवारांच्या वयात बघा. 1991मध्ये चोआ ली सेंट पॉलच्या शाळा मंडळावर निवडून आल्या तेव्हा विशीत होत्या. अमेरिकेत निवडून आलेल्या त्या पहिल्या ह्मोंग व्यक्ती. 2002च्या जानेवारीत मी मोआ नावाच्या ह्मोंग बाई राज्याच्या सिनेटवर निवडून गेल्या. 2019मध्ये नेल्सी यांग चोविसाव्या वर्षी नगर परिषदेवर आल्या. हे उमेदवार आकाशातून पडत नाहीत. त्यांच्यासाठी दारोदार फिरणारी, फोन लावणारी मुलं असतात. कॅलिफोर्नियात सॅक्रामेंटो आणि फ्रेस्नोमध्ये 'ह्मोंग इनोव्हेटिंग पॉलिटिक्स' ही संस्था हेच काम तरुणांना हाताशी धरून करते. विस्कॉन्सिनमध्ये ह्मोंग आणि इतर आशियाई अमेरिकी लोकांचा इतिहास शाळेत शिकवलाच पाहिजे असा कायदा एप्रिल 2024मध्ये झाला, तो वॉसॉ शहरात सही होऊन. त्यामागे वर्षानुवर्षांचा पाठपुरावा होता. रस नसलेल्या समाजाकडून अशी कामं होत नाहीत.

आता भाषेच्या मतपत्रिका. इथे मी थोडी रेंगाळणार आहे, कारण सगळ्या संदेशात जास्त चूक आणि थोडंसं खरं, दोन्ही इथेच आहे.

चूक अशी की ही कुणाची मर्जी नाही. मतदान हक्क कायद्याच्या 203व्या कलमानुसार, एखाद्या काउंटीत, म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारख्या भागात, इंग्रजी नीट न येणारे एका भाषेचे मतदार-नागरिक 10,000हून जास्त किंवा पाच टक्क्यांहून जास्त असले, आणि त्यांच्यात निरक्षरतेचं प्रमाण देशाच्या सरासरीपेक्षा जास्त असलं, की त्या भाषेत साहित्य द्यावंच लागतं. जनगणना विभाग आकडे बघून यादी काढतो. 2021च्या यादीत सेंट पॉलची रॅमझी काउंटी ह्मोंग भाषेसाठी आली. याच कलमाखाली शिकागोच्या कुक काउंटीत हिंदी मतपत्रिका आल्या, आणि तेव्हा आपल्यापैकी कुणाला ती उधळपट्टी वाटल्याचं मला आठवत नाही.

खरं असं की नुसत्या छापील ह्मोंग मतपत्रिकेनं आजीचं काम होत नाही. ही भाषा आज ज्या रोमन लिपीत लिहितात ती 1950च्या दशकाच्या सुरुवातीला लाओसमध्ये मिशनऱ्यांनी बसवली. शब्दाच्या शेवटचं अक्षर उच्चारायचं नसतं, ते सूर दाखवतं. 'ह्मोंग' हा शब्दच त्यात शेवटी 'बी' लावून लिहितात. (सुरुवातीचा आवाज आपल्या 'म्हण'मधल्या म्हच्या जवळचा आहे, इंग्रजी बोलणाऱ्यांना तो जमत नाही.) डोंगरात वाढलेल्या, शाळेचं तोंड न पाहिलेल्या बाईला ही लिपी इंग्रजीइतकीच परकी. तिच्यापर्यंत बातमी पोचते ती ह्मोंग रेडिओवरून, आणि शेकडो लोक एकाच वेळी फोन लावून ऐकतात त्या टेलिफोनवरच्या कार्यक्रमांतून. 'स्टेट ऑडिटर' म्हणजे काय, पसंतीचे क्रम का द्यायचे, हे ऐकून कळतं, पत्रक वाचून नाही.

आणि उरलेलं काम नातवंडं करतात. त्याच कायद्याचं 208वं कलम सांगतं की वाचता-लिहिता न येणाऱ्या मतदाराला आपल्या पसंतीचा माणूस मदतीला आत नेता येतो. मालक किंवा कामगार संघटनेचा प्रतिनिधी तेवढा चालत नाही. हे किती महत्त्वाचं आहे ते सेंट पॉलच्याच एका खटल्यात दिसलं. 2017मध्ये नगर परिषदेचे सदस्य डाय थाओ महापौरपदाला उभे होते, आणि एका वृद्ध ह्मोंग बाईला त्यांनी मतदानात मदत केली. उमेदवारानं मदत करायची नाही असा राज्याचा नियम, म्हणून त्यांच्यावर गुन्हा दाखल झाला. 2018मध्ये न्यायाधीशांनी त्यांना निर्दोष सोडलं, राज्याचा तो नियम केंद्राच्या कायद्याशी विसंगत आहे म्हणून. एका माणसानं तिघांपेक्षा जास्त मतदारांना मदत करू नये असाही नियम होता. 2020मध्ये त्याला कोर्टात आव्हान मिळालं, आज तो नाही. तीन म्हाताऱ्या माणसांच्या घरात एकच इंग्रजी येणारी नात असते, आणि शेजारच्या घरात कुणीच नसतं, तेव्हा असा नियम किती जणांना घरी बसवतो याचा विचार करा.

म्हणून 'तरुणांना रस नाही' हे वाक्य मला इतकं खटकतं. ज्या मुलीनं आजीला गाडीत घालून केंद्रावर नेलं, आत उभं राहून एकेक नाव वाचून दाखवलं, तिचं स्वतःचं वय सोळा असलं तर तिचं मत कुठल्याच आकड्यात येत नाही. मिनेसोटात सोळा-सतरा वर्षांच्या मुलांना निवडणूक कर्मचारी म्हणून केंद्रावर काम करता येतं. 2023च्या कायद्यानं त्यांना मतदार म्हणून आगाऊ नावही नोंदवता येतं.

एक गोष्ट मान्य करते : शहराच्या निवडणुकांना तरुण कमी येतात. हे सगळ्याच समाजांत आहे, आणि त्याचं मोठं कारण म्हणजे इथे त्या आजवर विषम वर्षी व्हायच्या, जेव्हा वर राष्ट्राध्यक्षाचं नाव नसायचं. सेंट पॉलच्या मतदारांनी नोव्हेंबर 2024मध्ये ठरवलं की यापुढे त्या अध्यक्षीय निवडणुकीबरोबरच घ्यायच्या. त्यामुळे हर यांची ही मुदत तीनच वर्षांची आहे. पुढची निवडणूक 2028च्या नोव्हेंबरात, आणि तेव्हा 2010 साली जन्मलेली मुलं मत देणार आहेत.